फोडणी तेवढी आयत्या वेळी : नोकरीच्या दिवसांतल्या शाकाहारी रात्रीच्या जेवणाची आधी करून ठेवायची तयारी

आम्ही डोंबिवलीत राहतो. मी आणि नवरा दोघंही लोकलने कामाला जातो, घरी पोचेपर्यंत पावणेआठ होतात. घरात सासूबाई आहेत, दहावीतला मुलगा आहे. साडेआठला सगळ्यांनी एकत्र बसून गरम जेवायचं हे आम्ही ठरवून पाळतो आणि ते जमतं ते आधीच्या तयारीमुळे. मैत्रिणी, शेजारी, ऑफिसातली नवीन लग्न झालेली मुलं-मुली याबद्दल वरचेवर विचारतात. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

आधी तयारी म्हणजे आठवड्याचा सगळा स्वयंपाक रविवारीच करून ठेवायचा का?

नाही. पहिल्या वर्षी मी तसंच केलं होतं. पाच भाज्या, पाच डबे. बुधवारपर्यंत सगळ्या भाज्यांची चव सारखीच लागायला लागली आणि मुलगा डब्याचं झाकण उघडून परत लावायला लागला. तेव्हा लक्षात आलं की स्वयंपाकाचे दोन भाग असतात. निवडणं, सोलणं, भिजवणं, भाजणं, वाटणं, शिजवणं यात वेळ जातो. फोडणी, वरून घातलेलं ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू यात चव असते आणि या सगळ्याला मिळून दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पहिला भाग रविवारी उरकायचा आणि दुसरा रोज ताजा करायचा. मोहरी तडतडल्याचा आवाज आणि हिंगाचा वास आला की घरातल्यांना जेवण ताजंच वाटतं, आणि खरंच ते ताजं असतं.

रविवारी नेमकं काय काय करता? किती वेळ लागतो?

साधारण दोन तास. त्याची सुरुवात शनिवारी रात्री होते, कारण कडधान्य तेव्हा भिजत घालावं लागतं. रविवारी सकाळी चहा झाला की कांदे चिरून कढईत टाकायचे, कारण त्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो आणि त्यांच्याजवळ सारखं उभं राहावं लागत नाही. दुसऱ्या शेगडीवर कुकर. खालच्या डब्यात तुरीची डाळ हळद-हिंग घालून, वरच्यात बटाटे. तोवर नवरा वर्तमानपत्र पसरून मेथी आणि कोथिंबीर निवडतो. मुलगा लसूण सोलतो आणि दाणे भाजून झाले की चोळून, पाखडून देतो. सासूबाई नारळ खवतात; त्यांच्याइतका बारीक आणि करवंटीचा कण न येऊ देता कुणालाच जमत नाही.

दोन तासांनंतर फ्रिजमध्ये असतं ते असं : कांदा-खोबऱ्याचं वाटण, दोन दिवसांपुरतं शिजवलेलं वरण, उकडलेले बटाटे, दाण्याचं कूट, चिंचेचा कोळ, आलं-मिरची-लसणाचा ठेचा, निवडलेल्या पालेभाज्या आणि खवलेलं खोबरं. मोड यायला बांधून ठेवलेली मटकी किंवा मूग तेवढे फ्रिजबाहेर असतात. बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर परत पंधरा-वीस मिनिटं देते. तेव्हा दुसऱ्यांदा डाळ शिजते आणि गुरुवार-शुक्रवारची भाजी चिरून होते. रविवारचं शुक्रवारपर्यंत पुरवायला गेलं की शेवटचे दोन दिवस रडतखडत जातात, म्हणून ही मधली फेरी मी चुकवत नाही.

वाटण जरा नीट सांगाल का?

हो, कारण सगळी मदार वाटणावर आहे. चार माणसांच्या आठवड्याला मी चार मध्यम कांदे आणि एक मोठी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस घेते. कांदे उभे चिरायचे, दोन चमचे तेलावर मध्यम आचेवर टाकायचे. पहिली सात-आठ मिनिटं काही होत नाही असं वाटतं. कांदा नुसता घामेजतो, मऊ पडतो. मग कडा सोनेरी होतात आणि पुढची पाच मिनिटं महत्त्वाची. इथे कढईजवळून हलायचं नाही. कांदा गडद तांबूस व्हायला हवा, पण एकही काप काळा जळता कामा नये, कारण जळक्या कांद्याचा कडूपणा आठवडाभर प्रत्येक भाजीत येतो. खोबरं वेगळ्या कढईत, मंद आचेवर, तेलाशिवाय. ते कांद्याबरोबर टाकलं तर कांदा होईपर्यंत खोबरं जळून जातं. शेवटी त्याच गरम कढईत दोन चमचे धणे, चार-पाच मिरे, दोन-तीन लवंगा, दालचिनीचा तुकडा, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या.

सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावायचं. गरम असताना वाटलं तर वाफ धरते आणि वाटण लवकर आंबतं. पाणी लागेल तेवढंच, चमच्या-चमच्याने. जितकं पाणी कमी तितकं ते जास्त टिकतं. कोरड्या काचेच्या बरणीत चार दिवस सहज राहतं. त्याहून जास्त केलं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवते. ट्रेमधले दोन तुकडे म्हणजे साधारण एका भाजीचं वाटण.

या एका वाटणातून सोमवारी मटकीची उसळ होते. मंगळवारी त्यातच दाण्याचं कूट, गूळ आणि गोडा मसाला मिसळला की भरल्या वांग्यांचं सारण तयार. गुरुवारी ते पातळ करून आमसूल टाकलं की वालाच्या किंवा चवळीच्या आमटीला लागतं. तीन दिवस तीन वेगळ्या चवी, पण कांदा परतत उभं राहायचं एकदाच.

मोड नीट येत नाहीत, वास येतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा पाणी नीट निथळलेलं नसतं. मटकी आठ ते दहा तास भिजवायची, मग चाळणीत उपसून दोनदा स्वच्छ पाण्याने धुवायची आणि पाणी पूर्ण गळू द्यायचं. ओलसर सुती फडक्यात सैल बांधून झाकून ठेवायची. घट्ट बांधली की आतल्या दाण्यांना हवा मिळत नाही आणि बुळबुळीत होतात. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, डिसेंबर-जानेवारीत पूर्ण दिवस लागतो. मोड अर्ध्या पेराएवढे झाले की डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावेत, म्हणजे वाढ थांबते. तीन-चार दिवस छान राहतात.

फडक्यात बांधण्याआधी एकदा परातीत पसरून गणंग वेचून काढा. भिजून न फुगलेला तो एक दाणा दाताखाली आला तर सासूबाईंची दाढ दुखते, म्हणून हे काम मी कुणावर सोपवत नाही. आणि मोड आलेलं कडधान्य कच्चं खाण्यापेक्षा शिजवूनच खावं. ज्या उबदार ओलाव्यात मोड येतात त्यातच जंतूही वाढतात.

कामाच्या दिवशी संध्याकाळी प्रत्यक्षात काय होतं?

परवाचा सोमवार सांगते. पावणेआठला दार उघडलं, हातपाय धुतले. नवऱ्याने तांदूळ धुऊन कुकर लावला. मी कढईत तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद घातली, त्यावर मोड आलेली मटकी टाकून दोन मिनिटं परतली आणि गरम पाणी घालून वर पाण्याचं ताट झाकलं. मटकी शिजायला बारा मिनिटं लागली. तेवढ्यात डब्यातलं घट्ट वरण पातेल्यात काढून पाणी घालून उकळत ठेवलं, त्याला तूप-जिऱ्याची फोडणी दिली. मटकी बोटाने दाबून पाहिली, दाणा आख्खा पण मऊ. मग तीन चमचे वाटण, तिखट, मीठ, गूळ आणि दोन आमसुलं टाकून एक उकळी. मुलाने काकडी कोचवून दाण्याचं कूट घातलं, मी वरून फोडणी ओतली, खमंग काकडी झाली. सव्वाआठला ताटं वाढली होती.

कुठल्या भाज्या चिरून ठेवता येतात?

गवार, फरसबी, घेवडा निवडून-मोडून तीन-चार दिवस. कोबी चिरून दोन-तीन दिवस, फ्लॉवरचे तुरे तितकेच. दुधी, बटाटा, वांगं हे चिरलं की काळं पडतं, ते आयत्या वेळीच. भेंडी धुऊन, फडक्याने कोरडी पुसून आख्खी ठेवा. चिरून ठेवलीत तर चिकट होते.

पालेभाजी निवडावी, पण धुऊ नये. कोरड्या फडक्यात किंवा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवली तर मेथी चार दिवस टवटवीत राहते. छापील कागद नको, शाई लागते. धुवायची ती भाजी करायच्या वेळी. कोथिंबिरीचंही तेच.

सोललेला लसूण तेलात घालून ठेवला तर जास्त टिकेल ना?

असं बाहेर ओट्यावर कधीही ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि अशा बिनहवेच्या जागीच बोट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेचे जंतू वाढू शकतात. त्याला ना वास येतो ना चव बदलते. सोललेला लसूण कोरडा करून डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. एवढं पुरेसं आहे.

पोळ्या आणि भाकरीचं काय?

पोळ्या आम्ही सकाळी डब्यासाठी करतो तेव्हाच रात्रीच्या सहा जास्तीच्या करतो. तेलाचा हात लावून, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. रात्री तापलेल्या तव्यावर दोन्हीकडून दहा-दहा सेकंद. ज्यांच्याकडे पोळ्यांना मावशी येतात त्यांनी त्यांच्याकडून कणीक तेवढी मळून घेतली तरी काम हलकं होतं. मळलेल्या कणकेला वरून तेल चोळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली की दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगली असते. त्यानंतर काळपट होते आणि आंबूस वास येतो.

भाकरीचं पीठ मात्र मळून ठेवू नका. ज्वारी-बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ थोडा वेळ जरी पडलं तरी भाकरी थापताना कडा फाटतात. भाकरी हवीच असेल तर दिवस ठरवून घ्या. आमच्याकडे शुक्रवार, पिठलं-भाकरीचा. पिठल्याला दहा मिनिटं लागतात, म्हणून उरलेला वेळ भाकरीला देता येतो.

सकाळचा भात रात्री चालतो का?

चालतो, पण तो दिवसभर ओट्यावर पडलेला नसावा. भाताबद्दल बरेच लोक बेफिकीर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यावरही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यावरही जात नाही. म्हणजे ‘फोडणीला टाकला की झालं’ हे इथे लागू नाही. भात उरला तर परातीत पसरून गार करा, जास्तीत जास्त दोन तासांत फ्रिजमध्ये जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी संपवा. अशा नीट ठेवलेल्या मोकळ्या भाताचा फोडणीचा भात फार सुरेख होतो.

घरातली मोठी माणसं म्हणतात, शिळं खायचं नाही. त्यांना कसं समजवायचं?

समजवण्याआधी त्यांचं ऐकून घ्या. फ्रिज घरोघरी येण्याआधी या हवेत रात्रीचं अन्न सकाळी खरंच बाधायचं, आणि ज्यांनी ते पाहिलंय त्यांच्या मनात ती भीती असणारच. माझ्या सासूबाई पहिले काही महिने रविवारच्या डाळीला हात लावत नव्हत्या. मी वाद घातला नाही. त्यांच्यासाठी वाटीभर डाळ रोज वेगळी शिजवायचे. मग एकदा त्यांनीच विचारलं, ‘हे वाटण तू मुंबईच्या उन्हाळ्यात चार दिवस कसं टिकवतेस?’ मी त्यांना बरणी उघडून वास घ्यायला दिला. त्यांना आठवलं की त्यांच्या माहेरीसुद्धा भाजणी, मेतकूट, काळा मसाला, सांडगे, कुळथाचं पीठ अशी वर्षाची बेगमी असायचीच. तीही आगाऊ तयारीच. आता आमच्या घरी भाजणी त्याच भाजतात : ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभराडाळ, उडीदडाळ, धणे, जिरं, प्रत्येक धान्य वेगवेगळं.

फ्रिजमध्ये ठेवताना काय सांभाळायचं?

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. एका मे महिन्यात मी मोठं पातेलंभर आमटी गरम असतानाच झाकण लावून फ्रिजमध्ये ढकलली. वरून पातेलं गार लागत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण काढलं तर वर बारीक फेस आणि आंबट वास. खोल भांड्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथे अन्न नासतं. ती सगळी आमटी टाकावी लागली, आणि अन्न टाकताना मला फार वाईट वाटतं.

तेव्हापासून मी पसरट, उथळ डबे वापरते. आधी पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून अन्न गार करायचं, मग डब्यात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून अन्न या पट्ट्यातून लवकर बाहेर काढायचं. फ्रिज ५ अंशांच्या खाली असावा. डबे स्टीलचे किंवा काचेचे. चिंच-आमसुलाचं आंबट काही ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नका. प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून वार लिहा. आणि डब्यातलं लागेल तेवढंच बाहेर काढून खळखळून उकळा. एकदा गरम केलेलं परत फ्रिजमध्ये टाकू नका.

वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद दाराआड अन्न साधारण चार तास सुरक्षित राहतं. त्याहून जास्त वेळ गेली असेल तर शिजवलेली डाळ, भात, वाटण याबाबत धोका पत्करू नका.

राजमा-छोले करून गोठवले तर?

उत्तम. दोन्ही रस्सा फ्रीझरमध्ये महिनाभर छान राहतात आणि गोठवल्यावर मसाला आणखी मुरतो. रस्स्यात बटाटा मात्र नको, गोठवून वितळला की भुसभुशीत होतो. गोठवलेलं अन्न सकाळी निघताना फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात काढा, दिवसभर ओट्यावर नको.

राजमा अर्धकच्चा कधीही खाऊ नका. त्यात एक नैसर्गिक विषारी घटक असतो, त्याने उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा. मंद आचेच्या विजेच्या कुकरमध्ये तो थेट टाकू नये, आधी जोरात उकळून घ्यावा.

चातुर्मासात कांदा-लसूण नसतो. तेव्हा?

तेव्हा ओलं खोबरं, जिरं, हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर यांचं हिरवं वाटण. यात पाणी जास्त असतं म्हणून दोन दिवसांचंच करा किंवा गोठवा. मुगाची उसळ, दुधीची भाजी, लाल भोपळा, सगळ्यांना चालतं. आमटी गोडा मसाला आणि आमसुलावर. मला तर श्रावणातलं हेच जेवण वर्षभरातलं सर्वांत आवडतं. सोमवारी उपास सोडायला वरण-भात, अळूचं फदफदं आणि वाटीभर दही असलं की आणखी काही लागत नाही. अळू आदल्या दिवशी निवडून, देठ सोलून ठेवता येतं. हाताला तेल लावायला विसरू नका, खाजतं.

काहीच तयारी झाली नसेल, लोकलही उशिरा आली असेल, तेव्हा?

कुळथाचं पिठलं. चार चमचे पीठ दोन वाट्या पाण्यात गुठळ्या न होता कालवायचं, लसणाची फोडणी, मिरची, आमसूल, सतत ढवळत पाच-सात मिनिटं. गरम भात आणि वर तूप. नाहीतर भाजणीचं थालीपीठ आणि लोणी. नाहीतर मुगाच्या डाळीची खिचडी, सोबत भाजलेला पापड. ही तीन पिठं-डाळी घरात कायम असू द्यात.

आम्ही परदेशात राहतो. थंडीत मोड येत नाहीत, खोबरं मिळत नाही.

मोडासाठी बंद ओव्हनमधला नुसता दिवा लावून आत ठेवा, तेवढी ऊब पुरते. खवलेलं खोबरं भारतीय दुकानांत गोठवलेलं मिळतं, वाटणाला ते चांगलं चालतं.

रविवार सगळा ओट्याशी जातो. हे फक्त माझ्याच वाट्याला का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त बायका विचारतात, तोही हळू आवाजात. तुमच्या वाट्याला एकटीच्या येत असेल तर ती तयारी नाही, नुसती एक जास्तीची पाळी आहे. आमच्याकडे कामं ठरवून वाटलीत आणि यादी फ्रिजच्या दारावर आहे. नवऱ्याने पहिल्यांदा मेथी निवडली तेव्हा अर्धे देठ भाजीत आले होते. मी ती भाजी तशीच केली, सगळ्यांनी खाल्ली. मी मागून येऊन परत निवडत बसले असते तर ते काम आजही माझंच राहिलं असतं.

मी एकटाच राहतो. एवढं सगळं कोण करणार?

तुमच्यासाठी हे याहून सोपं आहे. अर्धी वाटी मटकी, दोन कांद्यांचं वाटण, पाव वाटी दाण्याचं कूट. वाटणाचे निम्मे तुकडे गोठवा. डाळ एकाच वेळी पाऊण वाटी शिजवून दोन डबे करा : पहिल्या दिवशी साधं वरण, दुसऱ्या दिवशी त्यातच मेथी आणि लसणाची फोडणी. कुकरमध्ये डाळीच्या वरच्या डब्यात मूठभर तांदूळ लावलात तर त्या रात्रीचा भातही त्याच वाफेवर होतो.